भाषासमिती आणि पोचमपल्लीचा प्रश्न

जैन आचारातील पाच समितींमध्ये ईर्यासमितीनंतर भाषासमितीचे स्थान आहे. हितकर, मोजके आणि संशयरहित बोलावे, हा तिचा आशय. मुनींसाठी सांगितलेला हा नियम तंट्याच्या प्रसंगी किती कामी येतो, याचे उदाहरण कोकणातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्रात सापडते.

१९५१ साली तेलंगणात जमीनदार व भूमिहीन यांच्यातील संघर्ष रक्तरंजित झाला होता. एका बाजूस साम्यवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या, दुसऱ्या बाजूस पोलीस व लष्कर, आणि मध्ये भेदरलेली खेडी. शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पवनारहून पायी आले होते. या अशांत भागात शिरण्यापूर्वी, १५ एप्रिल रोजी रामनवमीस, त्यांनी हैदराबादच्या तुरुंगात साम्यवादी कैद्यांची भेट घेतली. ज्यांच्यावर आरोप, त्यांचेच म्हणणे आधी ऐकले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

१८ एप्रिल रोजी पोचमपल्लीत ते दलित वस्तीत गेले. काय हवे, असे विचारताच जमीन हवी, असे उत्तर आले. किती, हे त्यांनी वस्तीलाच ठरवू दिले. चाळीस कुटुंबांनी आपसांत विचार करून ऐंशी एकरांचा आकडा सांगितला. विनोबांजवळ तयार उत्तर नव्हते. सरकारकडे अर्ज पाठवू, एवढेच ते प्रथम म्हणाले. मग जमलेल्या गावकऱ्यांकडे वळून, गावातूनच काही होऊ शकेल का, असे त्यांनी विचारले. त्या प्रश्नात कोणावरही ठपका नव्हता. रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे शंभर एकर देऊ केले. उधारीच्या खात्यावरून दुकानात चढलेला आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्या कळवणच्या व्यापाऱ्यांना अशा प्रश्नाचे मोल वेगळे सांगणे नलगे. पुढे भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीही गेली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात विनोबांनी हीच रीत आपल्या समाजापुढे ठेवली. चारही आम्नायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, हा त्यांचा आग्रह. जिनेंद्र वर्णी यांनी केलेले संकलन आधी विद्वानांकडे पाठवून त्यांच्या सूचना मागवण्यात आल्या. त्यानुसार फेरबदल झाले. १९७४ च्या नोव्हेंबरात दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी व तेरापंथी मुनी आणि विद्वान दिल्लीत एकत्र बसले. तीर्थांच्या हक्कांवरून कोर्टकचेऱ्या चालू असतानाच, १९७५ साली ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' सर्वांच्या संमतीने प्रसिद्ध झाला.