भवानी तलवार : एका चित्राचा मागोवा

शारदीय नवरात्रात तुळजापूरला देवीच्या अलंकार महापूजा मांडतात. रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी, महिषासुरमर्दिनी आणि याच रांगेतली भवानी तलवार अलंकार पूजा. त्या दिवशी आई शिवरायांना तलवार देते आहे, असं रूप सजवलं जातं. नीट पाहिलं तर ही पूजा बाकीच्यांहून वेगळी आहे. रथ सूर्यनारायणाने देवीला दिला, मुरली श्रीकृष्णाने दिली, अशी श्रद्धा आहे. म्हणजे तिथे देव देतात आणि ती घेते. इथे मात्र देणारी ती आहे, आणि घेणारा पुराणातला देव नसून इतिहासातला माणूस आहे.

ही तलवार घेतानाचं चित्र मराठी घरात कुणाला दाखवावं लागत नाही. कॅलेंडरवर, वहीच्या कव्हरवर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मिरवणुकीच्या चित्ररथावर ते असतंच. देवी प्रकटलेली, हात पुढे केलेला, राजे गुडघ्यावर. जगभरच्या चित्रकथांमधल्या नायकांनाही अशी एखादी वस्तू लागते. थॉरचा हातोडा, कॅप्टन अमेरिकाची ढाल, इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाची कवटीची अंगठी. ती वस्तू काढून घेतली की नायक अर्धा होतो. शिवरायांचं तसं नाही. ते खरे होते, आणि त्यांचं राज्य किल्ल्यांवर, हेरांवर आणि वसुलीच्या हिशेबावर उभं होतं. मग ही वस्तू त्यांच्या हाती आली कुठून?

सर्वांत जुनं ठिकाण ‘शिवभारत’. नेवाशाच्या कवींद्र परमानंदाने राजांच्याच आज्ञेवरून रचलेलं, अपुरं राहिलेलं संस्कृत काव्य. स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली छापून काढलं. अफझलखानाच्या भेटीआधी तुळजाभवानी राजांना दर्शन देते, असं परमानंद सांगतो. पण ती नवी तलवार घेऊन येत नाही. राजांची जी तलवार आहे, तिच्यातच ती येऊन राहते. पुढे खानाच्या पोटात जाते ती हीच तलवार. ‘शिवभारता’त वाघनखं नाहीत.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बखर लिहिली. तिच्यातही तुळजापूरची भवानी दर्शन देऊन यशाची ग्वाही देते. पण खान पडतो तो बिचवा आणि वाघनखांनी. म्हणजे प्रतापगडाच्या एकाच प्रसंगाच्या दोन जुन्या हकिगतींत हत्यार वेगळं आहे. सारखी आहे ती देवी.

तलवारीची आणखी एक हकीगत आहे, तीही बखरींचीच. ती म्हणते, ही फिरंग कोकणात सावंतांकडून आली आणि राजांनी तिचे ३०० होन मोजले. फिरंग म्हणजे युरोपात घडलेलं लांब, सरळ पातं. पोर्तुगिजांच्या व्यापारातून अशी पाती किनाऱ्यावर उतरत आणि मराठे त्यांना देशी मूठ बसवून घेत. देवीचं नाव मिळालेली तलवार पैसे मोजून घेतलेली असणं, यात त्या काळच्या माणसाला काही विसंगत वाटत नसावं. खंडेनवमीला आपण पूजतो ती हत्यारंही लोहाराकडूनच आलेली असतात.

मग तलवारीत राहणारी देवी तलवार देणारी कधी झाली? माझ्या मते हे काम चित्रांचं. पोवाड्यात शाहीर ‘देवी शस्त्रात आली’ असं म्हणू शकतो आणि संबळावर थाप पडली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. चित्रकाराला ते जमत नाही. तलवारीत शिरलेली देवी काढायची म्हटली तर कागदावर नुसती तलवार दिसेल. त्याला दोन हात लागतात, एक देणारा आणि एक घेणारा.

चित्रं घरोघर पोहोचायचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. जोतीराव फुल्यांचा शिवाजीराजांवरचा पवाडा १८६९ चा. पुण्यात चित्रशाळा प्रेस निघाला १८७८ साली. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव झाला. एकीकडे उत्सव आणि दुसरीकडे स्वस्त रंगीत छपाई, असे राजे भिंतीवर आले. गंमत अशी की ज्या देवीचं हे चित्र, तिचं गाव या सगळ्यांच्या हद्दीबाहेर होतं. तुळजापूर शिवकाळात आदिलशाहीत होतं. म्हणून तर राजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. पुढे ते निजामाच्या राज्यात गेलं आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिलं.

पडद्यावर राजे आले ते मूकपटांच्या काळात. व्ही. शांतारामांनी १९३० साली काढलेल्या ‘स्वराज्याचे तोरण’चं नाव इंग्रजांच्या सेन्सॉरने ठेवू दिलं नाही, तो ‘उदयकाल’ झाला. शिवाजीची भूमिका शांतारामांचीच होती. १९५२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’त चंद्रकांत मांडरे आले, आणि पुढे कित्येकांच्या मनात राजांचा चेहरा तोच राहिला.

चित्रकथेची वाट अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू करून मोकळी केली. तिच्यातल्या ‘शिवाजी’ची संहिता भा. रा. भागवतांची, म्हणजे फास्टर फेणेच्या जनकाची. चित्रं प्रताप मुळीक यांची. याच मुळीकांनी १९८६ साली राज कॉमिक्सच्या नागराजची पहिली चित्रं काढली. हातातून साप सोडणारा हिंदीतला तो गाजलेला सुपरहिरो आणि रायगडचा राजा, दोघांनाही एकाच हाताने रेषा दिली. आपल्याकडे इतिहासपुरुष आणि सुपरहिरो यांच्यात भिंत किती पातळ आहे, हे सांगायला एवढा दाखला पुरे.

‘फॅन’ हा शब्द आपल्याकडे नंतर आला, पण त्याचं काम पोरं आधीपासून करत होती. दिवाळीत अंगणात दगड-माती रचून, पोत्याच्या चिंध्या चिखलात भिजवून किल्ला उभा करायचा, हळीव पेरून हिरवळ आणायची, पायथ्याशी मातीचे मावळे आणि माथ्यावर सिंहासनावर राजे. आवडत्या नायकाचं जग आपल्या हाताने पुन्हा घडवायचं, हा चाहत्यांचा जगभरचा छंद. आज त्यात राजमुद्रेचे टी-शर्ट, बुलेटवरचे स्टिकर, दंडावरचं गोंदण आणि शिवजयंतीचे डीजे आले.

चित्राने तलवारीला वस्तू केलं, आणि वस्तू म्हटलं की ती कुठे आहे हा प्रश्न आलाच. १८७५ साली कोल्हापूरच्या छत्रपतींकडून इंग्लंडच्या युवराजाला भेट गेलेली ‘जगदंबा’ लंडनच्या राजसंग्रहात आहे. तीच भवानी, असं मानून १९८० साली मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी ती परत आणायची घोषणा केली. महाराष्ट्रभर चर्चा झाली; तलवार आली नाही. साताऱ्याच्या राजघराण्यातही भवानी तलवार आहेच. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली आणि लोकांनी गर्दी केली. ती खानावर चाललेलीच वाघनखं, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. आता तुळजापूरच्या विकास आराखड्यात देवी तलवार देते आहे असं १०८ फुटी शिल्प ठरलं आहे. वहीच्या कव्हरवरचं चित्र आभाळाला भिडायला निघालं आहे.

शिल्प जरूर व्हावं, लंडनची तलवारही मिळाली तर आणावी. पण तलवार सापडत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा परमानंद वाचावा. त्याची देवी कोणतीही वस्तू देत नाही. माणसाच्या हातात जे आहे त्यातच ती उतरते. राजांना स्वतः पाहिलेल्या कवीने सांगितलेली ही गोष्ट नंतरच्या प्रत्येक चित्रापेक्षा मोठी आहे, आणि ती कुठल्याही संग्रहालयात अडकून पडलेली नाही.