ल्यूगर पिस्तुलाचे साल

जुन्या शस्त्रावरचा क्रमांक म्हणजे त्याचा जन्मदाखला, असा एक भाबडा समज आहे. पहिल्या महायुद्धातील जर्मन सैन्याचे ल्यूगर पिस्तूल हातात घेतले की तो टिकत नाही. त्याचे क्रमांक दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत. दहा हजार झाले की पुढच्या फेरीला रोमन लिपीतले 'ए' हे अक्षर जोडले जाई, मग 'बी'. शिवाय बर्लिनचा डीडब्ल्यूएम कारखाना आणि एर्फुर्टचे सरकारी शस्त्रागार यांची गणना वेगवेगळी. म्हणजे नुसता क्रमांक हा शकाविना आलेल्या संवत्सरनामासारखा: पोथीच्या शेवटी 'विकारी' वाचले, तरी साठ वर्षांचे कोणते आवर्तन ते कळत नाही. काडतूस बसते त्या भागावर कोरलेले साल आणि कारखान्याची खूण यांसह तो वाचावा लागतो.

सालही फसवे असू शकते. काही ल्यूगरांवर १९१७ आणि १९२० अशी दोन साले आढळतात. दुसरे घडणीचे नव्हे. युद्धोत्तर जर्मन सैन्याने सरकारी मालकी दर्शवण्यासाठी मारलेला तो ठसा. (रचनाकाल आणि नकलेचा काल यांची गल्लत आपल्याकडच्या पोथ्यांबाबत काही कमी झालेली नाही.) १९२० हेच जन्मसाल धरले, तर त्या पिस्तुलाच्या चरित्रातून युद्धच गळून पडते.