हाक ओळखणारी मेंढरे

कोकरू खांद्यावर घेतलेला सौम्य चेहऱ्याचा येशू आपण कॅलेंडरांवर इतका पाहिला आहे, की त्यात अभ्यासण्यासारखे काय उरले असे कुणालाही वाटावे. या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना एक विनंती: देवाला मेंढपाळ म्हणणारे तेविसावे स्तोत्र जरा बाजूला ठेवून आधी यहेज्केलच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय उघडावा. तिथे गोडवा थोडा, फिर्याद फार. प्राचीन पश्चिम आशियातले राजे स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेत; हम्मुराबीच्या विधिसंहितेच्या प्रास्ताविकातही हे बिरुद आहे. इ.स.पू. सहाव्या शतकात यरुशलेम पडले, लोक बाबेलच्या बंदिवासात गेले, आणि यहेज्केल संदेष्ट्याने इस्राएलच्या राज्यकर्त्यांना त्याच बिरुदावरून जाब विचारला. लोकर पांघरली त्यांनी, पुष्ट जनावरे खाल्ली त्यांनी. कळप मात्र रानोमाळ पांगला. तेव्हा देव त्यांचे काम काढून घेतो आणि मेंढरे शोधायला स्वतः निघतो.

हा संदर्भ मनात ठेवून योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचावा, आणि तोही नवव्याला जोडून. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. मूळ कथन सलग आहे. नवव्यात येशू एका जन्मांध माणसाला शिलोहाच्या तळ्यावर डोळे धुवायला पाठवतो. तो डोळस होऊन परततो, पुढाऱ्यांसमोर येशूची बाजू घेतो आणि त्यांच्याकडून हाकलला जातो. येशू त्याला शोधून गाठतो. या माणसाने येशूला तोवर पाहिलेलेच नाही, फक्त ऐकले आहे. मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, हे भाषण येते ते यापाठोपाठ! या भाषणात येशू स्वतःला दार आणि मेंढपाळ दोन्ही कसा म्हणवतो, यावर भाष्यकारांनी पुष्कळ खल केला आहे. मला त्याहून हा ऐकणारा माणूस महत्त्वाचा वाटतो.

चित्रांची वाट वेगळी. रोमच्या भुयारी दफनभूमींतला मेंढरू वाहणारा तरुण ग्रीक-रोमन कलेत आधीपासून रुळलेला होता. सिरियातील दुरा-युरोपोस येथे इ.स. 240च्या सुमारास तो बाप्तिस्म्याच्या कुंडामागच्या भिंतीवर आला. पाचव्या शतकात, राव्हेन्नाच्या गाल्ला प्लाचिदिया स्मारकात, त्याच्या अंगावर सोनेरी-जांभळी वस्त्रे चढली. राजांकडून हिसकावलेली उपमा राजवेषात परतली, आणि चर्चमधल्या सत्तेचा सगळा वाद या वेषांतरापाशी येऊन ठेपतो.

मराठी वाचकाला गोव्याची हस्तिदंती शिल्पे जवळची वाटतील. सतराव्या शतकातल्या या शिल्पांत मेंढपाळ बाल येशू डोंगरावर बसलेला असतो: गालाला हात, मिटलेले डोळे, अंगाशी कोकरे, खाली झरा, जनावरे आणि पायथ्याच्या गुहेत पहुडलेली मरिया मग्दालिया. त्या मिटल्या डोळ्यांत काहींना बुद्ध दिसतो, काहींना त्या बालरूपात गोपाळकृष्ण. साम्य मोहक आहे, पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. मग्दालिया तिथे पश्चात्तापाची मूर्ती म्हणून येते, हे युरोपीय वळण झाले. योहानाच्या विसाव्या अध्यायात मात्र ती पुनरुत्थित येशूला माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारल्यावरच, दहाव्या अध्यायातल्या मेंढरांसारखी, ओळखते. कोरणाऱ्यांच्या किंवा त्यांना काम सांगणाऱ्या धर्मगुरूंच्या मनात हा दुवा होता का, हे तपासण्याचे काम नव्या अभ्यासकाने जरूर हाती घ्यावे.