सामान्य शिक्षणाची कसोटी

महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हातांत एक कागद असतो. त्यावर विषयांचीं नांवें असतात आणि नांवांपुढें गुण असतात. त्याच्या आयुष्याचीं तीन-चार वर्षें, आईबापांची बचत आणि अध्यापकांचे श्रम या सर्वांचा हिशेब त्या एका कागदावर मांडलेला असतो. परंतु ज्या हेतूनें ते विषय नेमले गेले तो हेतु सिद्धीस गेला कीं नाहीं, याचा पुरावा त्या कागदावर सांपडतो काय? या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत ठेवावयाचा आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. सामान्य शिक्षण म्हणजे हलक्या प्रतीचें शिक्षण नव्हे. वैद्य, वकील, व्यापारी, अभियंता यांपैकीं कोणीहि झाला तरी माणूस व नागरिक या नात्यानें त्याला जें लागतें, तें सामान्य शिक्षण. वाचलेल्याचा अर्थ लावणें, पुराव्याची पारख करणें, आपलें म्हणणें नीट मांडणें आणि आपल्या विषयाबाहेरच्या जगाशीं तोंडओळख असणें, हीं त्याचीं अंगें होत.

हा प्रश्न प्रथम ठळकपणें पुढें आला तो अमेरिकेंत. १८६९ सालीं चार्ल्स ईलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ते त्या पदावर चाळीस वर्षें होते. सर्वांनीं एकच ठराविक अभ्यासक्रम शिकावा हा जुना दंडक त्यांनीं क्रमाक्रमानें मोडला आणि विषय निवडण्याची मुभा विद्यार्थ्यांना दिली. एकोणिसावें शतक संपतां संपतां तेथें पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज सक्तीचें असें जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें. या मोकळिकीचा लाभ जिज्ञासूंनीं घेतला, आणि आळशांनींहि घेतला! तेव्हां ईलियट यांच्यामागून आलेल्या लॉवेल यांनीं १९१० च्या सुमारास नवा नियम केला, कीं प्रत्येकानें एका विषयांत खोल जावें आणि कांहीं विषय निरनिराळ्या शाखांतून घ्यावे. १९१९ सालीं कोलंबिया विद्यापीठानें समकालीन संस्कृति या नांवाचा एक अभ्यासक्रम पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांस सक्तीचा केला. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. ज्या जगांत तरुणांस वावरावयाचें त्या जगाचे प्रश्न त्यांना समजावे, ही त्यामागील दृष्टि होती.

येथपर्यंत सर्व विचार चालला होता तो काय शिकवावें याचा. शिकविलेलें कितपत रुजलें, हें पाहण्याचा मोठा प्रयत्न पेनसिल्व्हेनिया संस्थानांत झाला. १९२८ ते १९३२ या काळांत लर्नेड व वुड या दोघां संशोधकांनीं तेथील अनेक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक तासांच्या विस्तृत परीक्षा घेतल्या. त्याचा वृत्तांत १९३८ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तो वाचून पुष्कळांचे डोळे उघडले. शेवटच्या वर्षांतील कांहीं विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या सरासरीच्याहि खालीं होते. उलट शाळेच्या शेवटच्या वर्गांतील कांहीं मुलें पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणांच्या पुढें गेलेलीं दिसलीं. सर्वांनीं नेमलेले विषय पुरे केले होते, सर्वांच्या नांवावर तितकेच तास जमा होते. ज्ञानांत मात्र जमीन-अस्मानाचें अंतर होतें. बाकावर बसलेले तास मोजणें निराळें व झालेलें ज्ञान मोजणें निराळें, हें त्या दिवसापासून नाकारणें कठीण झालें.

याच सुमारास शिकागो विद्यापीठानें एक धाडसी प्रयोग आरंभिला. तरुण अध्यक्ष हचिन्स यांच्या कारकीर्दींत १९३१ पासून तेथें नवी योजना सुरू झाली. मानव्यविद्या, समाजशास्त्रें, जीवशास्त्र आणि भौतिक शास्त्रें असे चार व्यापक अभ्यासक्रम ठरले. वर्गांत हजर राहण्याची सक्ती उठली. विद्यार्थ्यानें तयारी होईल तेव्हां अंतिम परीक्षेस बसावें. आणि मुख्य गोष्ट अशी, कीं परीक्षा घेणारें मंडळ स्वतंत्र होतें. शिकविणाऱ्यानेंच गुण द्यावे ही पद्धत तेथें बंद झाली. गुरु व शिष्य एका बाजूस आणि परीक्षक दुसऱ्या बाजूस, अशी ती मांडणी होती. तिच्यामुळें शिक्षकास खूष करण्याचा मोह गेला, आणि शिक्षकालाहि आपलें उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत लिहून देणें भाग पडलें. उद्दिष्टच धूसर असेल तर परीक्षकानें प्रश्न तरी कशावर काढावा?

या मंडळाची धुरा १९३८ पासून राल्फ टायलर यांच्याकडे आली. त्यापूर्वीं ओहायो येथें असतांना त्यांनीं एक साधी पण मार्मिक पाहणी केली होती. प्राणिशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांची अभ्यासक्रम संपतांच परीक्षा घेतली, आणि सुमारें सव्वा वर्षानें तीच परीक्षा पुन्हा घेतली. नांवें व संज्ञा यांचा मोठा भाग विद्यार्थी विसरून गेले होते. परंतु अनोळखी प्रयोगावरून निष्कर्ष काढण्याची शक्ति घटली नव्हती. म्हणजे आपल्या परीक्षा ज्या गोष्टीवर भर देतात ती सर्वांत आधीं नाहींशी होते, आणि जी टिकते तिच्यावर आपण क्वचित् प्रश्न विचारतों.

हें वाचल्यावर मला माझीच आठवण झाली. मी शाळामास्तर, महाविद्यालयाची पायरी मीं कधीं विद्यार्थी म्हणून चढलों नाहीं. परंतु प्रश्नपत्रिका पुष्कळ काढल्या. बाष्पीभवनाची व्याख्या अक्षरशः बिनचूक लिहिणाऱ्या एका मुलाला मीं सहज विचारलें, पावसाळ्यांत धुतलेले कपडे लवकर कां वाळत नाहींत? तो गप्प राहिला. मीं त्याला त्या धड्यावर पैकीच्या पैकी गुण दिले होते. चूक त्याची नव्हती. मींच तसा प्रश्न कधीं घातला नव्हता.

टायलर यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम यांनीं पुढें हें काम चालविलें. १९५६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या. येथें आपल्या देशाचा संबंध येतो. राधाकृष्णन् आयोगानें १९४९ च्या आपल्या अहवालांत दोन गोष्टी आग्रहानें सांगितल्या होत्या: पदवीच्या शिक्षणांत सामान्य शिक्षणास स्थान द्यावें, आणि विद्यापीठीय सुधारणांत परीक्षेची सुधारणा सर्वांत निकडीची समजावी. १९५७-५८ च्या सुमारास ब्लूम स्वतः भारतांत आले व त्यांनीं परीक्षासुधारणेविषयीं शिक्षकांचीं शिबिरें घेतलीं. १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगानें, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, मूल्यमापनाचा प्रश्न पुन्हा हातीं घेतला. सहा पायऱ्यांचीं नांवें शिक्षकांच्या टिपणवह्यांत गेलीं. प्रश्नपत्रिका मात्र बहुतेक पहिल्याच पायरीवर बसून राहिल्या.

परंतु कसोटी लावली कीं काम झालें, असें समजण्याचें कारण नाहीं. २०११ सालीं अरम व रोक्सा या दोघां समाजशास्त्रज्ञांचें पुस्तक अमेरिकेंत गाजलें. चोवीस संस्थांतील २,३२२ विद्यार्थ्यांची पाहणी करून त्यांनीं सांगितलें, कीं विचार व लेखन यांच्या कसोटीवर शेंकडा ४५ विद्यार्थ्यांत पहिल्या दोन वर्षांत म्हणण्यासारखी प्रगति दिसली नाहीं. खळबळ उडाली. मग टीकाकारांनीं विचारलें: ज्या परीक्षेचे गुण कोठेंच धरले जात नाहींत, ती विद्यार्थी मन लावून देतो काय? एकेका विद्यार्थ्याची लहानशी प्रगति अशा मापांत उमटेल काय? हे आक्षेप वाजवी होते. ताजवा जितका नाजूक असावा तितका नसेल, तर त्यावर सोनें तोलून सराफाला चोर म्हणतां येत नाहीं. शिवाय वाढलेली समज अभ्यासक्रमामुळें वाढली कीं वयामुळें, हा प्रश्न उरतोच. कसोटीचाहि कस पाहावा लागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें आपल्याकडे बहुशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. विद्यार्थ्यानें स्वतःच्या विषयाबाहेरहि कांहीं शिकावें, अशी अपेक्षा पुन्हा व्यक्त झाली आहे. हेतु उत्तम आहे. परंतु श्रेयांकांची बेरीज जुळली म्हणजे हेतु साधला, असें आपण मानूं लागलों तर पेनसिल्व्हेनियाचाच धडा नव्यानें गिरवावा लागेल.

मग करावें काय? मोठा खर्च नको कीं नवें मंडळ नको. एखाद्या महाविद्यालयानें एक अपरिचित उतारा, एक आंकड्यांचें कोष्टक आणि एक वादाचा मुद्दा घ्यावा. तेंच काम पहिल्या वर्षाच्या व शेवटच्या वर्षाच्या कांहीं विद्यार्थ्यांस द्यावें. उत्तरांवरचीं नांवें व वर्षें झांकून तीं दुसऱ्या महाविद्यालयांतील अध्यापकांस तपासावयास द्यावीं. तीन वर्षांत काय फरक पडला तें त्यांतून पुष्कळसें कळेल. त्या निकालावरून कोणास शिक्षा होऊं नये, नाहींतर त्याचीहि घोकंपट्टी सुरू होईल. आणि आपण पालकांनीं घरीं मार्कांचा कागद पाहून झाल्यावर मुलाला एवढेंच विचारावें, "यांतलें काय तुला आतां पुस्तकावांचून समजावून सांगतां येईल?"