एके जागीं उभा राहणारा ढग

वाहत्या ओढ्यांत बुडालेल्या धोंड्यावरून पाणी जातांना आपण सर्वांनींच पाहिलें आहे. धोंडा ओलांडून पाणी पलीकडे खालीं उतरतें, आणि लगेच शांत न होतां दोनतीन वेळां खालींवर होत पुढें जातें. पाणी अखंड धांवतें, लाट मात्र जागच्या जागीं. डोंगर ओलांडतांना वाराहि असेंच करतो. वैमानिकांस ही गोष्ट कळली ती १९३३ सालीं, आणि तीहि बिनइंजिनाच्या विमानामुळें.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानें जर्मनीच्या विमानविद्येवर कडक निर्बंध घातले, तेव्हां तेथील तरुण मंडळी ग्लायडरकडे वळली. सायलेशिया प्रांतांत हिर्शबर्ग शहराजवळ ग्रूनाउ या गांवीं ग्लायडरची एक शाळा होती. पुढें वैमानिक म्हणून नांवारूपास आलेली हान्ना राइच ही हिर्शबर्गच्या एका डॉक्टरांची कन्या येथेंच उडावयास शिकली. तिचा गुरु वोल्फ हिर्ट. मोटारसायकलीच्या अपघातांत त्यानें एक पाय गमावला होता, परंतु आकाशाचा नाद सोडला नव्हता.

शहराच्या दक्षिणेस रीझनगेबिर्गे ही पर्वतांची रांग. तिचें सर्वोच्च शिखर १,६०३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडें कमीच. दक्षिणेचा जोराचा वारा ही रांग ओलांडूं लागला कीं उत्तरेच्या बाजूस आकाशांत एक लांबट ढग उभा राहतो आणि तासन् तास हलत नाहीं. गांवकरी त्यास ‘मोआत्सागोटल’ म्हणत. गॉटलीब मात्झ नांवाच्या एका शेतकर्‍यावरून हें नांव पडलें, असें सांगतात. एवढ्या वार्‍यांत ढग वाहून कां जात नाहीं? कारण तो मुळीं एकच ढग नसतो. हवा लाटेच्या माथ्याकडे चढतांना थंड होते, तिच्यांतील वाफेचे सूक्ष्म जलकण बनतात. पलीकडे उतरतांना ते पुनः विरून जातात. एका कडेस ढग घडत असतो, दुसर्‍या कडेस मोडत असतो.

मार्च १९३३ मध्यें हान्स डॉइचमान हा ग्लायडर घेऊन उडाला असतां हवेनें त्यास अकस्मात् सुमारे एक किलोमीटर वर उचललें. उतारावर आपटून वर चढणारा वारा वैमानिकांच्या परिचयाचा होता, उन्हानें तापून वर जाणारी हवाहि होती. हें बळ त्या दोहोंहून निराळें होतें. हिर्ट आणि योआकिम क्यूटनर यांनीं त्याचा योग्य अर्थ लावला. क्यूटनर मूळचा कायद्याचा अभ्यासक. १९३७ मध्यें ग्रूनाउ येथें ग्लायडरांची स्पर्धा भरली असतां त्यानें २५ ग्लायडरांतील उंची नोंदणार्‍या यंत्रांचे आलेख गोळा करून लाटेचें रूप ठरविलें. मला तर त्याच्या पुढच्या ६,८०० मीटरांच्या चढाईपेक्षां हे कागद गोळा करणेंच अधिक मोलाचें वाटतें.

लाटेंत विमान अगदीं स्वस्थ चढतें. पण तिच्या पोटाखालीं हवेचे भयंकर भोंवरे फिरत असतात. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत सिएरा नेवाडा पर्वतामागें याच क्यूटनरच्या देखरेखीखालीं संशोधन चाललें असतां, १९५५ च्या एप्रिलांत लॅरी एडगर याचें ग्लायडर अशा भोंवर्‍यांत सांपडून हवेंतच मोडलें. तो हवाई छत्रीनें वांचला. ५ मार्च १९६६ रोजीं जपानांतील फुजी पर्वताजवळ निरभ्र आकाशांत एक प्रवासी जेट विमान मोडून पडलें, तेव्हां १२४ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. चौकशीअंतीं पर्वतामागील खवळलेल्या हवेकडेच बोट दाखविलें गेलें. पर्वताच्या आडोशाची हवा शांत असेल, हा आपला सहज समज. जोराच्या वार्‍यांत तो खोटा ठरतो.

२ सप्टेंबर २०१८ रोजीं अर्जेंटिनांत अँडीज पर्वतामागील लाटेवर ‘पर्लान २’ हें दोन आसनी ग्लायडर ७६,००० फुटांहून अधिक उंच गेलें. एव्हरेस्टच्या अडीचपट उंची, आणि इंजिन नाहीं!

ग्रूनाउचें मात्र काय झालें? १९४५ नंतर तो मुलूख पोलंडकडे गेला आणि तेथील जर्मन वस्तीस घरेंदारें सोडून जावें लागलें. मात्झच्या शेजार्‍यांचे वंशजहि त्यांतच असावेत. हिर्शबर्गचें नांव आतां येलेन्या गूरा आहे. दक्षिणेचा वारा सुटला कीं तो ढग तेथें उभा राहतो, आणि पोलंडचे वैमानिक आपलीं ग्लायडरें बाहेर काढतात.