शिलावर्तुळे, विदर्भातील

शिलावर्तुळे, विदर्भातील : मृतांच्या अवशेषांभोवती मोठ्या धोंड्यांचे कडे रचून लोहयुगीन लोकांनी केलेली दफनस्थाने. काळ स्थूलमानाने इ. स. पू. पहिले सहस्रक. नागपूरच्या परिसरातील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंद इ. स्थळी ती समूहाने आढळतात. लोकश्रुती त्यांचा संबंध गवळ्यांशी जोडते.

जुनापाणी येथे १८६७ च्या सुमारास उत्खनन करणारे रिव्हेट-कार्नाक हे मध्य प्रांताच्या मुलकी नोकरीत कापसाचे कमिशनर होते. दौऱ्यांतून सवड काढून त्यांनी वर्तुळे उकरविली, काही धोंड्यांवरील वाटीसारख्या खळग्यांची बारकाईने नोंद केली व त्यांचे युरोपातील तशाच खुणांशी असलेले साम्य दाखवून दिले, ही गोष्ट त्या काळच्या अंमलदारवर्गाच्या जिज्ञासेची निदर्शक होय. त्यांना सापडलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खळग्यांचा हेतू विवाद्य आहे. पुढे १९६१-६२ मध्ये बा. के. थापर यांनी जुनापाणी येथे, व त्यानंतर शां. भा. देव यांनी खापा, माहुरझरी व नैकुंद येथे पद्धतशीर उत्खनने केली.

अशा कड्याचे चार पाद पाडून समोरासमोरचे पाद प्रथम खणतात व मध्ये न खणलेल्या मातीचे बांध राखतात, म्हणजे गोटे, मुरूम व काळी चिकणमाती यांचा भराव कोणत्या क्रमाने पडला हे उभ्या छेदात वाचता येते. या भरावाखाली, मूळ भूमीवर किंवा मुरुमात खोदलेल्या उथळ खड्ड्यात, काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी अवजारे व अस्थी मिळतात. मानवी अस्थी बहुधा त्रुटित असल्याने प्रेत अन्यत्र ठेवून निवडक अस्थीच पुरीत असावेत, असा एक तर्क आहे.

धातुकामाची सामग्री मात्र विपुल व विशेष महत्त्वाची आहे. आडव्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्यास जखडावयाच्या चपट्या कुऱ्हाडी, खंजीर व छिन्न्या यांच्याबरोबरच घोड्याचे लोखंडी लगाम व त्याच्या मुखावरील तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले असून, माहुरझरीस प्रत्यक्ष घोड्यांचे सांगाडेही आढळले आहेत. त्यावरून हे लोक अश्वारोही होते व मृतासमवेत अश्वबळी देत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते मूळचे कोठले, याविषयी एकवाक्यता नाही. नैकुंद येथे लोखंड गाळण्याची भट्टी उघडकीस आल्यामुळे निदान काही लोखंड स्थानिक होते, हे निश्चित झाले.

या लोकांच्या वसाहती : टाकळघाट, नैकुंद, भागीमोहारी.