सरकारी वकिलावर भरपाईचा दावा लावता येतो का? : इम्बलर विरुद्ध पॅक्टमन, १९७६

१/ लॉस एंजेलिसमधील एका दुकानदाराचा १९६१ साली खून झाला. त्याबद्दल पॉल इम्बलर याला मृत्युदंड ठोठावण्यात आला. खटला चालवला होता सरकारी वकील रिचर्ड पॅक्टमन यांनी. निकालानंतर याच पॅक्टमन यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरला पत्र लिहिले. मुख्य साक्षीदार वाटला तितका विश्वासार्ह नाही, आणि आरोपी घटनास्थळी नव्हता या म्हणण्याला दुजोरा देणारे नवे साक्षीदार मिळाले आहेत, असा त्याचा आशय होता.

२/ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही. १९६४ मध्ये वेगळ्याच कारणावरून मृत्युदंड रद्द होऊन जन्मठेप झाली. अखेर १९६९ मध्ये फेडरल न्यायालयाने, सरकार पक्षाने दिशाभूल करणारी साक्ष वापरल्याचे ठरवून शिक्षा रद्द केली. पुढे इम्बलर सुटला.

३/ १९७२ मध्ये त्याने पॅक्टमन व इतर प्रतिवादींवर प्रत्येकी २७ लाख डॉलरचा दावा लावला. आधार होता १८७१ चा नागरी हक्क कायदा. यादवी युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनच्या दहशतीला आळा घालण्यासाठी तो झाला होता. त्याच्या मजकुरात कोणत्याही अधिकाऱ्याला सूट दिलेली नाही.

४/ तरीही २ मार्च १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी जुन्या रूढ कायद्याचा दाखला दिला. गंमत अशी की, सरकारी वकिलाला असे संरक्षण देणारा पहिला अमेरिकी निवाडा इंडियानातला, १८९६ चा. म्हणजे कायद्यानंतर २५ वर्षांचा!

५/ पॉवेल यांचा युक्तिवाद असा: शिक्षा झालेला प्रत्येक जण सूडापोटी दावा लावू लागला, तर वकील निर्भयपणे निर्णय घेणार नाही. गैरवर्तनासाठी फौजदारी कारवाई व सनदेवरील कारवाई हे मार्ग आहेतच. मात्र खरोखर अन्याय झालेल्यालाही यामुळे वकिलाकडून भरपाई मिळणार नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

६/ न्यायमूर्ती व्हाइट निकालाशी सहमत होते, परंतु पुरावा दडवणाऱ्यालाही पूर्ण संरक्षण द्यावे हे त्यांना पटले नाही. दावा लागण्याची भीती असेल तर पुरावा उघड करण्याकडेच वकिलाचा कल राहील, असे त्यांचे म्हणणे होते.

७/ पुढे मर्यादा पडल्या. पोलिसांना दिलेला सल्ला (१९९१), तपासातील कृती व पत्रकारांपुढील विधाने (१९९३) यांना पूर्ण संरक्षण नाही, असे ठरले. न्यायालयात खटला चालवण्याच्या कामाला मात्र ते आजही आहे.

८/ आता पुन्हा त्या पत्राकडे वळू. निकालानंतर हाती आलेली माहिती कळवणे हे सरकारी वकिलाचे कर्तव्यच आहे, हे सांगताना पॉवेल यांनी पॅक्टमन यांचेच उदाहरण दिले. त्या जाणिवेतूनच पुढे इम्बलरच्या सुटकेची वाट खुली झाली, असे त्यांनी नोंदवले. पत्र न लिहिणाऱ्या वकिलालाही मात्र या निकालाने तेच संरक्षण दिले.